उष्टा पेरू

दादाने पेरूचा लचका तोडला आणि उरलेला पेरू लहानपणीसारखाच शाल्मलीपुढे धरला. एचआयव्हीचं निदान झाल्यापासून तो आज पहिल्यांदाच घरी आला होता. आई चहा गाळता गाळता थांबली.

लाळेतली इवलीशी प्रथिनं या विषाणूला कशी रोखतात, यावरच तर शाल्मलीची पीएचडी होती. “उष्ट्याने काही होत नाही,” असं ती गावोगाव सांगत फिरली होती. आता मात्र तिचा हातच पुढे होईना.

“राहू दे,” दादा हसत म्हणाला. “तुझी प्रथिनं आज रजेवर दिसतात.”

शाल्मलीने पेरू हिसकावून घेतला आणि कचकन चावला. आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

दादा मात्र पेरूकडेच पाहत राहिला. तिने तो फिरवून धरला होता. त्याच्या दातांचे व्रण तसेच शाबूत होते.