बासष्टावं नाव

सुमीतनं कागद पुढं केला तो उलटाच. शोभाबाईनं तो हातात घेतला, सरळ केला आणि मांडीवर ठेवला.

"वाचून दाखव, बाबू," ती म्हणाली.

"हो, वाचूनच दाखव," खाटेवरून अण्णाजी म्हणाले. "वहिनीले अक्षर येत नाई. गुरुजीनं बायांचा वर्ग काढला होता, तवा नऊ दिवस गेलती हे. दहाव्या दिवशी प्रभाकररावानं पाटी चुलीत टाकली. म्हणे, म्हातारपणी कलेक्टर व्हाचं हाय का तुले?"

अण्णाजी हसले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. प्रभाकररावाला जाऊन दोनच महिने झाले होते.

अण्णाजी गावच्या पाणी संस्थेचे कारकून. उन्हाळ्यात शहराला प्यायला म्हणून धरणाचं पाणी नदीत सोडत. कोरड्या पात्रात वाड्या करून डांगरं-टरबुजं लावणारे सत्तर जण होते. त्यांना मोबाईलवर आधी कळवायचं, हे अण्णाजींचं काम. कळवणारा प्रोग्राम देवळीच्या सुमीतनं लिहून दिला होता. त्या संध्याकाळी पाणी आलं, तेव्हा प्रभाकरराव पात्रातल्या आपल्या वाडीत मांडवाखाली झोपले होते.

"काकू, चूक माही आहे," सुमीत म्हणाला. त्यानं मागं भिंतीशी असलेल्या धान्याच्या कोठीला पाठ टेकली.

"तिथं नको टेकू. डुगडुगते ते."

तो पुढं सरकला. "प्रोग्रामच्या मागं धागे काम करत असतात. समोरचं बंद केलं तरी धाग्याचं काम पुरं होईपर्यंत प्रोग्राम थांबते. अण्णाजीची तक्रार होती, पाच वाजता बंद करतो तं बंदच होत नाई."

"आर्वीची बस सुटे ना माही," अण्णाजी पुटपुटले.

"म्हणून मी एक ओळ बदलली. अण्णाजीनं बंद केलं का लगेच बंद. धाग्याचं काम झालं का नाई, पाहाचं नाई. जिथं असन तिथं तोडाचं."

शोभाबाई शेणानं सारवलेल्या जमिनीकडे पाहत होती. "म्हंजे पऱ्हाटीत कापूस येचणाऱ्या बाया वावराच्या धुऱ्यावर याच्या आधीच मुकादमानं गाडी हाकली."

"हो काकू. तसंच झालं."

"किती बाया राहिल्या वावरात?"

"नऊ. एकेक संदेश आधी जाते, मंग प्रोग्राम त्या नावापुढं खूण करते. एकसष्ट नावांपुढं खूण आहे. बासष्टावं नाव काकाजीचं. तिथून पुढं एकही खूण नाई." "बाकीचे आठ जण लग्नाले गेलते, म्हणून वाचले."

"अन् वाडी तं हे इथं," अण्णाजी म्हणाले. "अंगणातून हाक मारली तरी ऐकू जाते. कोणाले ठाऊक असतं तं."

चुलीवरचा चहा उतू गेला, तरी शोभाबाई उठली नाही. शेवटी अण्णाजींनीच फडक्यानं भांडं उतरवलं आणि तिघांना ओतला.

"काकाजीचा फोन एकदा पाहाले भेटला असता," सुमीत म्हणाला, "तं शंकाच राहिली नसती."

शोभाबाईनं बशी घाईनं खाली ठेवली. चहा लुगड्यावर सांडला.

"त्याहिच्या खिशात होता तो," ती म्हणाली. "त्याहिच्यासंगंच गेला."

"काऊन विचारतं रे पोरा असं?" अण्णाजी चिडले. "जखमेवर बोट ठेवून राह्यला नुसता."

सुमीतनं कान पकडले. मग कागद घेऊन तो वाचू लागला. ती ओळ आपण बदलली, अण्णाजींना त्यातलं काही सांगितलं नव्हतं, दोष आपला एकट्याचा, असं त्यानं लिहिलं होतं. शेवटी शोभाबाईच्या नावानं दोन ओळी होत्या. त्या दिवशी घरी कसलाही संदेश आला नव्हता. आला असता तर माझे पती वाचले असते.

"हा कागद संस्थेत देतो. तिथून पोलिसांत जाईन."

"वहिनी, नाई म्हणा तुमी," अण्णाजी कळवळून म्हणाले. "अंगठाच नका देऊ. याची नोकरी जाईन, वरून केस होईन. घरी बायको पोटुशी हाय याची. गेलेला माणूस काई वापस येत नाई."

"मले झोप नाई अण्णाजी. डोळे मिटले का ते बासष्टावं नावच दिसते."

शोभाबाईनं मान वर केली. पोराचे डोळे खोल गेले होते, गालाची हाडं वर आली होती. जा बाबू घरी, तुझा काही दोष नाही, असं म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"शाई आणली का?"

सुमीतनं खिशातून डबी काढली. अंगठा कुठं लावायचा ते तो दाखवणार, तोवर तिनं तो आपल्या नावाखाली टेकवलासुद्धा.

निघताना तो पाया पडायला वाकला. शोभाबाई झटकन मागं सरली.

"पाया नको पडू, बाबू. माह्या नको पडू."

"मोठं मन हाय वहिनीचं," उंबऱ्याबाहेर अण्णाजी त्याला म्हणत होते.

त्यांच्या मोटरसायकलचा आवाज विरेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग कडी लावून तिनं कोठीचं झाकण काढलं आणि ज्वारीत खांद्यापर्यंत हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटनाचा फोन वर आला. त्या दिवशी प्रभाकरराव तो चार्जिंगला लावून वाडीत गेले होते.

तिनं तो चालू केला. संदेश अजून होता. ‘आज सायंकाळी सहा वाजता नदीत पाणी सोडण्यात येईल. पात्रातील सर्वांनी तातडीने बाहेर पडावे.’ खाली वेळ होती, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

किराण्याच्या पुड्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून एकटीनं चोरून जमवलेली अक्षरं. एकाही अक्षराला ती अडखळली नाही. त्या दिवशीही अडखळली नव्हती.