उरलेली नळी

भाडं झेपेना, तेव्हा काकूंनी सतरा वर्षांचं बिऱ्हाड हलवलं. रिकाम्या घराची तपासणी करायला इमारतीचा मॅनेजर आला. नियम साधा: भिंतीत खिळ्याचं भोक दिसलं की अनामत रकमेला कात्री. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं. एकही भोक नाही! पण खिडकीपाशी बोट किंचित रुतलं. नाकाशी नेलं, तर पुदिन्याचा वास. भोकांत टूथपेस्ट भरली होती. काकूंचा चेहरा पडला. "सतरा वर्षं एक घड्याळसुद्धा टांगायचं नाही का रे?" त्याने कागदावर 'भिंती ठीक' लिहून सही ठोकली. मग दार लोटून हळूच म्हणाला, "काकू, भाडं आम्हालाही झेपत नाही. घर सोडतोय. उद्या आमच्या घराची तपासणी, पण तिथल्या भिंती पिवळ्या." काकूंनी पिशवीतून उरलेली नळी काढून त्याला दिली. "यात चिमूटभर हळद कालव. तिथला मॅनेजर वास घेणारा नसला, म्हणजे मिळवली!"