डाग न पडणारं कापड

तान्ह्या बाळांच्या वॉर्डातल्या निळ्या चादरींना डाग पडू नयेत म्हणून एक रसायन लावलेलं होतं. ते पोटात गेलं की वर्षानुवर्षं शरीरातून निघत नाही, हे संचालकसाहेबांना सांगून सांगून मोठ्या सिस्टरच्या तोंडाला फेस आला. साहेब चहा ढवळत म्हणायचे, "बघू."

मग पलीकडच्या हॉस्पिटलला असल्याच चादरी काढून टाकल्याबद्दल बक्षीस मिळालं आणि साहेबांना एकदम उपरती झाली. चादरी उतरल्या, कॅमेरे आले, साहेब कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "या कोवळ्या जिवांच्या अंगाला हे विष मी लागू देणार नाही!" सिस्टरने मनातल्या मनात नाक मुरडलं आणि टाळ्या वाजवल्या. चादरी गेल्या ना, मग करू दे नाटक.

पुढच्या आठवड्यात ती साहेबांची नात बघायला त्यांच्या बंगल्यावर गेली. पाळण्यात तीच निळी चादर होती, मापात कापून, कडेने छान शिवून घेतलेली. हॉस्पिटलचा शिक्का असलेला कोपरा बाळाच्या तोंडात होता.

"साहेब, अहो, ही तर आपल्या वॉर्डातली..."

"मग! एवढं चांगलं कापड काय फेकून द्यायचं?" साहेब खुशीत हसले. "विषबिष ते भाषणापुरतं हो, सिस्टर."

आणि कौतुकाने पाळण्याला झोका देत म्हणाले, "बघा ना, पोरगी दिवसभर चघळत असते, पण कापडाला काही म्हणजे काही होत नाही!"