हापशाची जागा

सातवी तार डोक्याला चिकटली तरी सरपंच जयमालाबाई पदर सोडायला तयार नव्हत्या. डॉक्टर शुभांगींनी तो हळूच मागे सारला आणि डोळे मिटायला सांगितलं. माणूस स्वतःपुरतं ठरवतो तेव्हा मेंदूत काय चालतं आणि सगळ्यांसाठी ठरवतो तेव्हा काय, हे तपासायला त्या पुण्याहून मशीन घेऊन पारनेरकडच्या या गावी आल्या होत्या. प्रश्न गावानेच पुरवला. उद्या बोअरची गाडी येणार. हापसा एकच मंजूर. बसवायचा कुठे?

महिलांसाठी पद राखीव झालं म्हणून जयमालाबाई दोन वर्षं सरपंच होत्या. गहिनीनाथ, म्हणजे त्यांचे यजमान, कागदावर बोट ठेवत. त्या तिथे सही करत. कारभार कसा बिनबोभाट चालला होता. गहिनीनाथांना हापसा आपल्या दाराशी हवा होता. माळावरच्या वस्तीतल्या बाया पाण्यासाठी ओढ्यापर्यंत चालत. मशीन मांडलं होतं त्या शाळेच्या खिडकीशी त्या आता गर्दी करून उभ्या होत्या.

गहिनीनाथांची तपासणी आधीच झाली होती. गावासाठी ठरवा म्हटल्यावर कागदावर मोठमोठ्या लाटा उमटल्या होत्या. तो कागद ते येईल त्याला दाखवत होते.

"आता सगळ्या गावासाठी ठरवा," शुभांगी म्हणाल्या.

मशीनचा काटा भरभर थरथरला. कागदावरच्या लाटा अगदी बारीक झाल्या.

गहिनीनाथ हसले. "बघा. माझ्या लाटा कशा उसळल्या. हिच्या डोक्यात गावाचं कायबी न्हाई."

खिडकीतल्या बायांच्या माना खाली गेल्या. जयमालाबाईंना फार वाईट वाटलं. मिटल्या डोळ्यांनी त्या आताच वस्तीतल्या एकेका दारापासून ओढ्यापर्यंत हंडा घेऊन चालून आल्या होत्या. कुणाला किती लांब पडतं, ते मोजत होत्या. ते सगळं मशीनला दिसलंच नाही म्हणायचं.

शुभांगींनी दोन्ही कागद शेजारी धरले. "उलटं आहे, गहिनीनाथराव. डोकं निवांत असलं की लाटा अशा मोठ्या, संथ येतात. विचार सुरू झाला की त्या मोडतात. बाईंचं डोकं केवढं राबत होतं बघा. तुम्ही काय विचार करत होता?"

"इचार कसला? जागा तर मी कवाच ठरवलीय."

खिडकीतली सुमनबाई पदरात तोंड घालून खोकली. तिच्यामागे सगळ्याच बायांना खोकला लागला. गहिनीनाथांनी कागदाची घडी केली आणि ते ताडकन उठले. "मशीनचं ऱ्हाऊ द्या. उद्या गाडी आली की—"

जयमालाबाईंनी डोळे उघडले. डोक्यावरच्या तारा तशाच होत्या.

"तुमी बसा निवांत," त्या म्हणाल्या. "डोकं आराम करतंय तर करू द्या. गाडी माळावर जाईल."