माउझरच्या नळीतून

अर्धांगवायूने लुळा झालेला, वाचाही गेलेला म्हातारा ऑर्विल खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून होता. त्याच्यासमोरच त्याची मुलं त्याच्या जुन्या लष्करी बंदुकांची किंमत करत होती. एक अमेरिकी स्प्रिंगफील्ड, दुसरी जर्मन माउझर, त्याने स्वतः युद्धावरून आणलेली.

"माउझरच विकू," वेंडेल बहिणीला, थेल्माला म्हणाला. "नळीच्या आतले गोळीला पीळ देणारे आटे शाबूत असतील तर चौदाशे डॉलर कुठे गेले नाहीत."

"अरे, बाबांना विचार तरी."

"विचारतो की!" त्याने माउझरचा बोल्ट, नळीमागचा सरकता दांडा, काढून टेबलावर ठेवला आणि बंदूक थेट म्हाताऱ्यावर रोखली. "बोला बाबा! विकू ना? का तोंडात मूग धरलेत?"

थेल्मालाही हसू फुटलं.

ऑर्विलच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. वेंडेलने हसतच रिकाम्या नळीला डोळा लावला.

पलीकडे बाबा नव्हते. बर्फात गुडघे टेकून एक कोवळा जर्मन सैनिक बसला होता. हात जोडून तो वेंडेलकडेच बघत होता आणि मान हलवत होता, नको, नको.

वेंडेलने डोळा काढायची धडपड केली, पण मान वळेना. त्याचं बोट मात्र सावकाश चाप ओढू लागलं.

आवाज कसलाच झाला नाही. सैनिक बर्फात कोसळला.

"बाबा!" मागून थेल्मा किंचाळली. समोरच्या खुर्चीत ऑर्विल निष्प्राण कलंडला होता.