मावशींची हाक

जुन्या छपराच्या मंडईचं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा इतिहास लिहिणारे साहेब सगळ्यांत आधी भाजीवाल्या मावशींकडे आले. बेचाळीस वर्षं मावशी एकाच ओट्यावर बसत होत्या. "मावशी, तुम्ही म्हणजे मंडईचा चालताबोलता इतिहास आहात," असं म्हणून साहेबांनी त्यांची हाक तीनदा रेकॉर्ड केली आणि निघताना ओटा रिकामा करायची नोटीस हातात ठेवली.

उद्घाटन झालं. मावशी टोपली घेऊन दाराबाहेरच्या फुटपाथवर बसू लागल्या. आत त्यांच्या ओट्यावर प्लास्टरच्या काकड्यांची रास होती आणि दर दहा मिनिटांनी स्पीकरमधून मावशी ओरडायच्या, "काकडी घ्या, कोवळी काकडी, कडू निघाली तर परत आणा."

एक दिवस पहारेकरी बाहेर आला. पूर्वी तो याच मंडईत हमाली करायचा, त्यामुळे जरा अवघडूनच उभा राहिला.

"मावशी, तेवढं ओरडणं बंद करा. आतल्या लोकांची तक्रार आहे."

"कसली?"

"तुमच्या आवाजात त्यांना तुमची हाक नीट ऐकू येत नाही."