अंगणातलं पक्षांतर

शाल्मलीने बाबांच्या हिरवळीतली प्रचाराची पाटी उपटली आणि शेजारी काकांच्या दारात रोवली. काकांची पाटी आणून आपल्या दारात ठोकली. मग चहाचा कप घेऊन पायरीवर बसली, आता तमाशा बघू म्हणून.

न्यू जर्सीत शेजारी शेजारी घरं घेतलेले हे सख्खे भाऊ. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवरून अशी जुंपली, की दोन महिने बोलणं बंद. उद्या लक्ष्मीपूजन, आणि यंदा पहिल्यांदाच दोन्ही घरांचा फराळ वेगळा.

साडेसातला काका बोंब ठोकतच बाहेर आले. "हे थोबाड माझ्या दारात?"

बाबाही पायजम्यावर धावले. आपापल्या दारातली पाटी उपटून दोघं तणतणत कुंपणाशी आले. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा उमेदवार!

"अगंबाई, दोघांनीही पक्ष बदलला?" शाल्मलीने फोन उगारला. "साताऱ्याला आजीला फोटो पाठवते."

"कार्टे, तुझे उद्योग होय!" बाबा भडकले. "मंगळवारी पहिलं मत देणार आणि ही अक्कल? देणार कोणाला?"

"ते नाही सांगणार. पण बाबा, अध्यक्ष कोणीही झाला तरी चार वर्षांनी पुन्हा निवडणूक आहेच. मी दुसरा काका कुठून निवडून आणू?"

मग बाबांनी घसा खाकरला.

"श्रीपाद, चकल्या मऊ पडल्यात. मी बोललो तर तुझी वहिनी लाटणं घेऊन धावते. तूच सांग तिला."

काकांनी अनवाणीच कुंपणावरून टांग टाकली.